ईश्वराचे वकीलपत्र : लिस्बन, १७५५

१ नोव्हेंबर १७५५ हा शनिवार होता, आणि ख्रिस्ती पंचांगाप्रमाणे सर्व संतांच्या स्मरणाचा सण. पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथील चर्चे सकाळच्या मिस्सेसाठी भरून गेली होती. वेदींवर मेणबत्त्या तेवत होत्या. साडेनऊनंतर जमीन हादरू लागली. लागोपाठ आलेले धक्के काही मिनिटे चालले आणि तेवढ्या अवधीत दगडी छपरे उपासकांच्या डोक्यांवर कोसळली. जे बाहेर पडू शकले त्यांतील पुष्कळजण मोकळी जागा म्हणून तेजू नदीच्या काठाकडे धावले. थोड्याच वेळात समुद्र नदीच्या मुखातून आत शिरला आणि काठावरच्या माणसांना घेऊन गेला. उलथलेल्या मेणबत्त्यांनी आणि पेटत्या चुलींनी लागलेली आग पुढे पाच-सहा दिवस शहर खात राहिली. 'सर्व संत' हेच नाव असलेले लिस्बनचे मोठे रुग्णालय त्या आगीत जळाले. नदीकाठचा राजवाडा, त्यातील सुमारे सत्तर हजार ग्रंथांचा संग्रह आणि त्याच वर्षी उघडलेले ऑपेराचे भव्य नाट्यगृह, सारे गेले. मृतांचे आकडे दहा हजारांपासून साठ हजारांपर्यंत सांगितले जातात. तीस ते चाळीस हजार हा अंदाज आज बहुधा स्वीकारला जातो. समुद्रापलीकडे मोरोक्कोतील मुसलमानांची शहरेही त्याच धक्क्यांनी पडली, याचा उल्लेख मात्र युरोपातील चर्चेत फारसा आढळत नाही.

यापूर्वी भूकंप झाले नव्हते असे नाही. मग याच भूकंपाने युरोपच्या धर्मविचाराला एवढा तडा का गेला? आमच्या मते त्याची कारणे दोन. एक म्हणजे स्थळ आणि वेळ. लिस्बन हे त्या काळचे अतिशय श्रद्धाळू शहर. इन्क्विझिशनचे आसन तेथे, पाखंड्यांना जाहीर शिक्षा होत त्या तेथे, आणि घात झाला तो ऐन सणाच्या दिवशी, उपासना चालू असताना. दुसरे कारण असे, की ईश्वराच्या न्यायीपणाची सर्व उत्तरे त्या काळी तयार होती. ती नुकतीच ग्रंथबद्ध झाली होती, सुशिक्षितांच्या बोलण्यात रुळली होती. उत्तरे हाताशी असतानाच प्रश्न अंगावर कोसळला.

हा प्रश्न मराठी वाचकाला थोडा उलगडून सांगायला हवा, कारण आपल्याकडे त्याची मांडणी वेगळी झाली. ब्रह्मसूत्रांत ईश्वरावरचे दोन आक्षेप विचारात घेतले आहेत: वैषम्य, म्हणजे पक्षपात, आणि नैर्घृण्य, म्हणजे निर्दयता. एकाला सुखी आणि दुसऱ्याला दुःखी करणारा ईश्वर या दोषांतून सुटतो कसा? शांकरभाष्याचे उत्तर असे, की ईश्वर प्राण्यांच्या कर्मांच्या अनुरोधाने फळ देतो. आणि कर्माची परंपरा अनादि असल्याने पहिला जन्म कोणता, पहिले पाप कोणाचे, हा प्रश्नच उभा राहत नाही. हे उत्तर पटो वा न पटो, त्यात मागचे खाते उघडण्याची सोय आहे.

ख्रिस्ती श्रद्धेत ही सोय नाही. जन्म एकच. सृष्टी अनादि नसून एकाच ईश्वराने शून्यातून निर्मिली आहे, आणि निर्मिल्यावर ती चांगली आहे असे त्यानेच म्हटले आहे. तो सर्वशक्तिमान आहे आणि पित्यासारखा प्रेमळही. मग दुःख आले कोठून? त्याला ते टाळायचे आहे पण टाळता येत नाही, की टाळता येते पण टाळायचे नाही, हा एपिक्युरसच्या नावावर सांगितला जाणारा पेच लॅक्टँशियस या ख्रिस्ती लेखकाने चौथ्या शतकातच नोंदवून ठेवला होता. संत ऑगस्टीनने (३५४–४३०) त्यावर जे उत्तर दिले ते हजार वर्षांहून अधिक काळ पाश्चात्त्य चर्चचे उत्तर राहिले. दुष्टता ही स्वतंत्र वस्तू नव्हे, जसा अंधार म्हणजे प्रकाशाचा अभाव तसा तो चांगुलपणाचा अभाव होय; आणि तो जगात शिरला तो ईश्वराच्या इच्छेने नव्हे, तर स्वतंत्र इच्छेच्या गैरवापराने, आदिमानवाच्या पतनाने. हीच पतनकथा फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात बसून मराठी ओव्यांत सांगितली आणि ते 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली प्रथम छापले गेले. म्हणजे मराठी भाषेत हा विचार लिस्बनच्या भूकंपापूर्वी जवळजवळ दीडशे वर्षे येऊन पोचला होता.

अठराव्या शतकाच्या आरंभी या उत्तराला तत्त्वज्ञानाचे नवे वस्त्र मिळाले. जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निट्स याने १७१० साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यासाठी 'थिओडिसी' हा नवा शब्द बनवला. ग्रीकमधील ईश्वर आणि न्याय या अर्थांच्या दोन शब्दांची ती जोडणी. मराठीत आम्ही त्याला ईश्वराची कैफियत म्हणू: दुःखी माणसाने फिर्याद केली आहे, आणि प्रतिवादीच्या वतीने वकील बाजू मांडत आहे. लाइब्निट्सची बाजू अशी, की ईश्वराने शक्य असलेल्या असंख्य जगांतून सर्वोत्तम जग निवडले. त्यात दुःख आहे, पण ते काढून घेतले तर संपूर्ण जग आहे त्याहून वाईट झाले असते. या ग्रंथाचा उगम प्रशियाची राणी सोफी शार्लोट हिच्याशी झालेल्या संभाषणांत होता, आणि ग्रंथ निघण्यापूर्वी पाच वर्षे, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी ती मरण पावली होती. लाइब्निट्स भाबडा किंवा निष्ठुर होता असे म्हणून त्याला निकालात काढता येत नाही. परंतु त्याचा सूक्ष्म युक्तिवाद दिवाणखान्यांत पोचेपर्यंत त्याचे एक सुटसुटीत सुभाषित झाले होते: जे आहे ते योग्यच आहे.

लिस्बनच्या ढिगाऱ्यावर प्रथम उभा राहिला तो मात्र तत्त्वज्ञ नव्हता. तो होता धर्मोपदेशक. गाब्रिएल मालाग्रिदा हा मूळचा इटालियन जेझुइट. ब्राझीलमध्ये अनेक वर्षे धर्मप्रसार करून आलेला, लोकांना संतासमान वाटणारा. भूकंपाचे खरे कारण सांगणारी एक पुस्तिका त्याने १७५६ साली छापली. भूकंप निसर्गनियमांनी झाला असे म्हणणे हेच त्याच्या दृष्टीने पाप होते. कारण एकच, लोकांची पापे. उपाय एकच, पश्चात्ताप. घरे आणि झोपड्या उभारण्यात गुंतलेल्यांनी ते सोडून आधी ध्यानधारणेला बसावे असा त्याचा रोख होता. तिकडे प्रॉटेस्टंट इंग्लंडात मेथडिस्ट पंथाचा प्रणेता जॉन वेस्ली यानेही हा ईश्वरी न्यायच ठरवला, फक्त त्याचे पाप वेगळे होते: जेथे इन्क्विझिशनने एवढे रक्त सांडले तेथून ईश्वराने हिशेबाला सुरुवात केली तर नवल काय, असा त्याचा सूर होता. एकाच्या मते लिस्बन पुरेसे धार्मिक नव्हते म्हणून पडले, दुसऱ्याच्या मते त्याचा धर्मच खोटा होता म्हणून. दोघांनाही ईश्वराचे मन ठाऊक होते, आणि त्या मनात ज्याच्या त्याच्या प्रतिपक्षाविषयीचा रोष भरलेला होता.

हा मोह एका धर्माचा नाही, हे येथेच नमूद करावेसे वाटते. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा महात्मा गांधींनी तो अस्पृश्यतेच्या पापाचा दंड मानला आणि रवींद्रनाथ ठाकुरांनी त्या विधानाचा जाहीर निषेध केला. गांधींचा हेतू किती उदात्त होता हे कोणाला सांगायला नको. पण पडलेल्या भिंतीखाली जे सापडले त्यांत अस्पृश्य मानले गेलेलेही होते.

मालाग्रिदाला उत्तर देणे सोपे होते. तत्त्वज्ञाला उत्तर दिले व्हॉल्तेअरने. जिनिव्हाजवळ राहत असताना त्याला लिस्बनची बातमी कळली आणि काही आठवड्यांत त्याने एक दीर्घ काव्य लिहिले. ते १७५६ साली प्रसिद्ध झाले. त्याचा मुद्दा साधा होता. आईच्या छातीशी चिरडलेल्या बाळाने कोणता अपराध केला? लंडन आणि पॅरिस लिस्बनहून कमी पापी होती काय? आणि हे दुःख विश्वाच्या व्यापक हितासाठी आवश्यक होते असे मरणाऱ्याला सांगणे, हे सांत्वन आहे की अपमान? तीन वर्षांनी, १७५९ साली आलेल्या 'कँडीड' या कादंबरिकेत त्याने सर्वोत्तम जगाच्या सिद्धान्ताची जी टर उडवली तिच्यातून तो सिद्धान्त पुन्हा कधी पुरता सावरला नाही.

व्हॉल्तेअरला सर्वांत मार्मिक उत्तर रूसोचे होते. १८ ऑगस्ट १७५६ च्या पत्रात त्याने लिहिले, की सहा-सात मजल्यांची वीस हजार घरे तेथे एकावर एक निसर्गाने रचली नव्हती. लोक विखरून राहत असते तर हानी कितीतरी कमी झाली असती. आणि कपडे, कागदपत्रे, पैसे वाचवण्यासाठी परत फिरून किती अभागी जिवांनी प्राण गमावले! नैसर्गिक आपत्तीचा सामाजिक विचार येथे सुरू होतो असे अनेकांनी म्हटले आहे, आणि ते खरे आहे. पण त्या पत्रात आणखी एक गोष्ट आहे. रूसो विचारतो, की कीर्ती आणि संपत्ती यांनी वेढलेल्या तुम्हाला जगात केवळ दुःख दिसते, आणि दरिद्री, आजारी असा मी मात्र आशा धरून आहे, हे कसे? दुःखाची चर्चा करणारा कोठे बसला आहे, हा प्रश्न त्याने विचारला. मालाग्रिदाचा अपवाद सोडला तर ही थोर मंडळी लिस्बनपासून शेकडो कोस दूर होती.

प्रत्यक्ष लिस्बनमध्ये काय चालले होते? राजा पहिला जोझे शहराबाहेर बेलेंला असल्याने बचावला, पण पुन्हा दगडी छताखाली राहायला तयार होईना. कारभार त्याचा मंत्री कार्वाल्यु, जो पुढे मार्किश पोंबाल म्हणून ओळखला गेला, त्याच्या हाती आला. प्रेते नावांतून नेऊन समुद्रात सोडण्यात आली, धान्याचे भाव बांधले गेले, लुटारूंसाठी फासाचे खांब उभारले गेले. आणि १७५६ च्या प्रारंभी देशभरच्या धर्मग्रामांकडे एक प्रश्नावली गेली. धक्का किती वाजता बसला, किती वेळ टिकला? समुद्र आधी आत आला की मागे हटला? आग लागली काय? किती घरे पडली, किती माणसे मेली? कोणते उपाय योजले? ही प्रश्नावली भूकंपशास्त्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहे, पण तिच्याविषयीची एक गोष्ट आम्हांला अधिक विचार करायला लावते. उत्तरे लिहायची होती ती गावोगावच्या धर्मगुरूंनी. रविवारी पापाविषयी प्रवचन देणारा तोच माणूस आता कागदावर मृतांची संख्या लिहीत होता. भूकंप कोणत्या पापामुळे झाला असे त्या कागदाने त्याला विचारलेच नव्हते. जे झाले ते नीट पाहा आणि लिहा, एवढेच त्याचे मागणे होते. हे उत्तरांचे कागद पोर्तुगालच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आजही आहेत.

याच काळात दूर कोनिग्सबर्गमध्ये एकतीस वर्षांचा इमान्युएल कांट भूकंपावर तीन लेख लिहीत होता. जमिनीखालील पोकळ्यांतील ज्वालाग्राही वायूंनी धक्के बसतात ही त्याची उपपत्ती पुढे चुकीची ठरली. त्याचा इशारा मात्र टिकला: प्रत्येक आपत्ती म्हणजे आपल्यालाच उद्देशून काढलेले फर्मान आहे असे माणसाने मानू नये. कांट हा विषय विसरला नाही. १७९१ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्याने एक निबंध लिहून ईश्वराच्या आजवरच्या सर्व तात्त्विक कैफियती फसल्या असा निकाल दिला. आणि या निबंधात तो वळला बायबलकडे, ईयोबाकडे.

ईयोबाचा ग्रंथ आपल्याकडे फारसा वाचला जात नाही. नीतिमान, संपन्न अशा ईयोबाची गुरे, मुले, आरोग्य सारे एकामागून एक जाते आणि तो राखेत बसतो. तीन मित्र येतात. प्रथम ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात, एक शब्दही बोलत नाहीत. नंतर ते बोलू लागतात आणि सारे बिघडते. ईश्वर न्यायी आहे, तू दुःख भोगतो आहेस, म्हणजे तू पापी असलाच पाहिजेस, हे त्यांचे अनुमान. ईयोब ते मानत नाही. तो ईश्वरालाच जाब विचारतो, आपली फिर्याद त्याच्यासमोर मांडायची मागणी करतो. शेवटी ईश्वर वादळातून बोलतो, पण दुःखाचे कारण सांगत नाही. आणि मित्रांना मात्र ठणकावतो, की माझा सेवक ईयोब याच्यासारखे यथार्थ तुम्ही माझ्याविषयी बोलला नाहीत. म्हणजे ज्यांनी ईश्वराचे वकीलपत्र घेतले त्यांनाच ईश्वराने झिडकारले, आणि ज्याने फिर्याद केली त्याला खरा ठरवले. कांटला या कथेत महत्त्वाचा वाटला तो ईयोबाचा प्रामाणिकपणा. मित्र बोलतात ते वरच्या सत्तेला खूश करण्यासाठी. ईयोब बोलतो ते त्याला जसे दिसते तसे.

नव्या करारातही असा प्रसंग आहे. शिलोआमचा बुरूज पडून अठरा माणसे मेली. ती यरुशलेममधल्या इतरांहून अधिक पापी होती असे तुम्हांला वाटते काय, असे येशू विचारतो आणि स्वतःच 'नाही' म्हणतो. त्यापुढचे वाक्य पश्चात्तापाचे आहे आणि उपदेशकांनी नेहमी तेच उचलले, हे मान्य केले पाहिजे. पण मेलेल्यांच्या पापाचा हिशेब करायला त्या 'नाही'ने मनाई केली होती, आणि मालाग्रिदा काय किंवा वेस्ली काय, दोघांच्याही धर्मग्रंथात ती मनाई होती. व्हॉल्तेअरचा आक्षेप ख्रिस्ती श्रद्धेवर बाहेरून आलेला प्रहार मानला जातो. आमच्या मते त्याचा मोठा भाग त्या श्रद्धेच्या आतूनच, फार पूर्वी, नोंदला गेला होता.

मालाग्रिदाचा शेवट सांगितल्यावाचून ही हकीकत पुरी होत नाही. पोंबालने त्याला आधी लिस्बनबाहेर घालवले. १७५८ साली राजावर प्राणघातक हल्ला झाला. त्या कटात जेझुइटांना गोवण्यात आले आणि म्हातारा मालाग्रिदा तुरुंगात पडला. अंधारकोठडीत त्याच्या मनाचा तोल गेला असावा. तेथे लिहिलेल्या मजकुरावरून इन्क्विझिशनने, ज्याच्या शिरोभागी तेव्हा पोंबालचा सख्खा भाऊ होता, त्याला पाखंडी ठरवले. २१ सप्टेंबर १७६१ रोजी लिस्बनच्या रोसियू चौकात गळा आवळून त्याला मारण्यात आले आणि प्रेत जाळण्यात आले. वय बहात्तर. व्हॉल्तेअरला जेझुइटांचे प्रेम कधीच नव्हते, पण या शिक्षेतील क्रौर्याचा आणि मूर्खपणाचा त्यानेही धिक्कार केला. इतरांच्या यातनांना दंड म्हणणारा हा माणूस स्वतः यातनांत मेला. यात काही काव्यगत न्याय शोधावा असे आम्हांला मुळीच वाटत नाही. तसे करणे म्हणजे त्याचीच पुस्तिका पुन्हा लिहिणे होय.

आणि येथेच आपल्याकडच्या इतिहासाशी या घटनेचा धागा जुळतो. भूकंपाने पोंबालला सर्वसत्ताधीश केले. १७५९ साली जेझुइटांना पोर्तुगाल व त्याच्या सर्व वसाहतींतून हद्दपार करण्याचा हुकूम निघाला. गोव्यातले जेझुइट, स्टीफन्सच्या परंपरेतले उत्तराधिकारी, पकडून जहाजांवर चढवले गेले आणि त्यांतील कित्येकांनी पोर्तुगालच्या किल्ल्यांत कैद भोगली. १७६१ साली आशियातील पोर्तुगीज मुलखातल्या देशी ख्रिस्ती प्रजेला गोऱ्या पोर्तुगीजांच्या बरोबरीचे हक्क देणारा कायदा झाला, जरी गोव्यात त्याचा प्रत्यक्ष अंमल व्हायला आणखी वर्षे लागली. १७७४ साली गोव्यातले इन्क्विझिशन बंद झाले. पोंबाल सत्तेवरून गेल्यावर १७७८ मध्ये ते पुन्हा सुरू झाले आणि १८१२ साली कायमचे संपले.

ही साखळी मांडताना इतिहास लिहिणाऱ्याच्या मनात एक विचार हळूच शिरतो: लिस्बन पडले नसते तर पोंबाल एवढा बलवान झाला नसता, आणि तो नसता तर गोव्यातल्या माणसाला त्या समतेची वाट आणखी किती पाहावी लागली असती? म्हणजे त्या मरणांतून काही चांगले निघालेच. विचार मोहक आहे, आणि त्यातील कार्यकारणाचा भाग बऱ्याच अंशी खराही असेल. पण 'म्हणजे' या शब्दाशी आम्ही थबकतो. तेथे इतिहासकाराने लाइब्निट्सचा झगा अंगावर चढवलेला असतो. पुढच्यांना मिळालेला लाभ मागच्यांच्या मरणाच्या खात्यात जमा करण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? चर्चमध्ये चिरडलेल्या बाईला गोव्याचा कायदा दाखवून काय उत्तर द्यायचे? ईश्वराचे वकीलपत्र सोडून दिलेल्या युगात प्रगतीचे, राष्ट्राचे, इतिहासाचे वकीलपत्र घेणारे पुष्कळ निघाले, आणि त्यांचे युक्तिवाद जुन्यांहून वेगळे नव्हते.

विसाव्या शतकात ख्रिस्ती चिंतनाने स्वतःच या वकिलीकडे पाठ फिरवलेली दिसते, निदान त्याच्या एका मोठ्या प्रवाहाने. १९४३ साली हॅम्बर्गवरच्या बॉम्बवर्षावात युर्गेन मोल्टमान या तरुणाच्या शेजारी उभा असलेला मित्र ठार झाला. पुढे युद्धकैदी म्हणून काळ काढताना तो बायबल वाचू लागला. १९७२ साली त्याने लिहिलेल्या ग्रंथात क्रूस मध्यवर्ती आहे, आणि क्रूसावर येशूने फोडलेला टाहो, की माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. मोल्टमानचे म्हणणे असे, की ईश्वर दुःखाबाहेर उभा राहून निवाडा देत नाही, तो त्या दुःखात आहे. श्रद्धावानाला यातून आधार मिळतो. न मानणाऱ्याला हे पटणार नाही, आणि दुःख मुळात का, हा प्रश्न त्यानंतरही शिल्लक राहतो. पण दुःख भोगणाऱ्यावर आरोपपत्र ठेवले जात नाही, एवढे तरी त्यात निश्चित आहे.

कार्मु मठाचे छत लिस्बनमध्ये पुन्हा कधी पुरे केले गेले नाही. त्याच्या उघड्या कमानी आज भर शहरात उभ्या आहेत आणि पाऊस थेट आत पडतो. ते तसेच ठेवणाऱ्यांचा हेतू काही असो, आम्हांला ते योग्य वाटते.